हातातील फोन व कायद्याचे संरक्षण

धम्मदीक्षा घेऊन गावकीची जुनी कामे नाकारली, जयंतीची मिरवणूक काढली, की काही गावांत आजही डोळे वटारले जातात. जून २०२३ मध्ये नांदेडजवळील बोंढार हवेली येथे एका बौद्ध तरुणाचा खून झाला. भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. हदगाव तालुक्यातील आपल्या वस्त्यांनी ही घटना दूरची समजू नये. घरोघरी आलेला स्मार्टफोन अशा वेळी कसा वापरावा, हे म्हाताऱ्या आईपासून शाळकरी मुलीपर्यंत सर्वांस ठाऊक असले पाहिजे.

आधी मदत मागावी, चित्रण मागून. ११२ हा क्रमांक हदगावच्या ठाण्यात नव्हे, तर राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. तेथील माणसास आपली वस्ती कोठून माहीत असणार? म्हणून प्रथम जिल्हा, तालुका, गाव व जवळची खूण सांगावी. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत संकटकाळची कळ असणे सरकारने बंधनकारक केले आहे. आपल्या फोनात ती कशी चालते, हे आजच पाहून ठेवावे.

चित्रणाबाबत मात्र आपल्या तरुणांचा उत्साह घातक ठरतो. चित्रफीत दहा गटांत पाठवायची आणि जागा हवी म्हणून फोनमधून पुसायची, म्हणजे पुरावा स्वहस्ते बुडविणे होय. जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले, की मालकाने मूळ उपकरणच साक्षीत हजर केल्यास प्रमाणपत्र लागत नाही. प्रतीसाठी ते लागते. तेव्हा मूळ चित्रण ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नये, त्यातील काही पुसू नये. पोलिसांनी तो घेतल्यास पंचनाम्याची प्रत मागावी.

‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर देता येते. ती फोनवरून लेखी पाठविली तरी चालते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते.

‘तुम्ही आता बौद्ध, तुम्हांस अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा कसला?’ असे कोणी म्हटल्यास निरुत्तर होऊ नये. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांस १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे. जातीच्या दाखल्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे आणि अत्याचारविरोधी मदतीचा १४५६६ हा क्रमांक घरातील प्रत्येक फोनमध्ये नोंदवावा.