कवीचे स्लायगो, फिडलवाल्यांचे स्लायगो

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील स्लायगो परगण्यात जाणारा परदेशी प्रवासी बहुधा डब्ल्यू. बी. येट्स या कवीच्या ओढीने जातो आणि पर्यटन-व्यवसायानेही त्याची वाट आखून ठेवली आहे: बेन बल्बन या सपाट माथ्याच्या डोंगराखालील ड्रमक्लिफचे चर्च, तेथील कबर, लॉक गिल सरोवरातील इनिसफ्री बेट, आणि संध्याकाळी शहरातील एखाद्या पबमध्ये 'सेल्टिक' संगीत. ('सेल्टिक' हे मुळात एका भाषाकुलाचे नाव, वादक स्वतः या संगीताला नुसते 'ट्रॅड' म्हणतात.) या आखणीत संगीत हे वाङ्मयीन दर्शनानंतरचे तोंडीलावणे ठरते आणि तोच तिचा मोठा दोष होय. विसाव्या शतकात आयरिश कानांवर स्लायगोने उमटवलेला ठसा हा फिडलचा, म्हणजे लोकशैलीत वाजवल्या जाणाऱ्या व्हायोलिनचा आहे, आणि ज्या दक्षिण भागातून ते वादक आले, तेथील गावे या वाटेवर लागतच नाहीत.

ड्रमक्लिफ पाहू नये, असा याचा अर्थ नव्हे. येट्स १९३९ मध्ये फ्रान्समध्ये निवर्तले, तेथेच त्यांचे दफन झाले, आणि महायुद्धामुळे लांबलेली त्यांची इच्छा १९४८ मध्ये पुरी होऊन आयरिश नौदलाच्या युद्धनौकेने त्यांचे अवशेष मायदेशी आणले गेले; ते अवशेष नक्की त्यांचेच का, ही शंका मात्र अभ्यासकांमध्ये पुढेही चर्चिली गेली. मराठी वाचकाला या कबरीपाशी थांबण्याचे आणखी एक कारण आहे. वऱ्हाडातील बडनेऱ्याचे पुरोहित स्वामी यांनी आपले गुरू भगवान हंस यांचे कैलास-मानसयात्रेचे मराठी पुस्तक इंग्रजीत आणले, ते १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याची प्रस्तावना येट्स यांची होती. पुढे दहा प्रमुख उपनिषदांचा १९३७ चा इंग्रजी अनुवादही या दोघांनी मिळून केला. टागोर आणि येट्स यांच्या स्नेहाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते, त्या मानाने हा घरचा धागा फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही.

संगीताशी येट्स यांचे नाते विलक्षण होते. त्यांना सुरांची जाण जवळजवळ नव्हती, तरीही शहराच्या दक्षिणेस असलेल्या बॅलिसोडेर गावातील एका वृद्ध स्त्रीला अर्धवट आठवणाऱ्या तीन ओळींवरून त्यांनी 'सॅली गार्डन्स'चे गीत रचले, १८८९ च्या संग्रहात छापले, आणि हर्बर्ट ह्यूज यांनी १९०९ मध्ये त्याला एका जुन्या चालीवर बसवल्यानंतर ते इतके लोकांचे झाले, की आज अनेक श्रोते त्याला निनावी लोकगीतच समजतात. लोकपरंपरेतून घेतलेले लोकपरंपरेला असे परत मिळणे कोणत्याही स्मारकाहून मोठे आहे. पण बॅलिसोडेरला पर्यटकांची बस सहसा थांबत नाही.

त्याच्याही दक्षिणेस किलाविल आणि गर्टीन ही गावे आहेत. किलाविलचे मायकेल कोलमन (१८९१–१९४५) १९१४ मध्ये अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी फिडलवादनाच्या तबकड्या मुद्रित केल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजणाऱ्या या तबकड्या आयर्लंडच्या खेड्यांत पोहोचल्या आणि स्लायगोची चपळ, उसळत्या गजाची, अलंकारांनी भरलेली शैली इतर परगण्यांतील वादकांनीही उचलली. काही स्थानिक शैली त्यामुळे झाकोळल्या, हे नुकसानही नोंदवले पाहिजे. कवीचे अवशेष युद्धनौकेतून आले, वादक न्यूयॉर्कमध्येच पुरला गेला आणि त्याचे वादन तेवढे परतले. गर्टीनमध्ये आज त्यांच्या नावाचे संगीतकेंद्र आहे.

ही परंपरा ऐकायची तर 'सेशन'ची रीत ठाऊक हवी. मैफलीत कलावंत श्रोत्यांकडे तोंड करून बसतो. सेशनमध्ये वादक पबच्या कोपऱ्यातील टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, आणि श्रोता हा तेथे शेजारी असतो, यजमान नव्हे. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना आणि कोपराखालच्या भात्याने वाजणारी इलन पाइप्स ही वाद्ये एकच चाल मिळून वाजवतात. चार मात्रांच्या 'रील' या नृत्यचालीचे आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग असतात. ते बहुधा दोनदा घेत संपूर्ण चाल दोन-तीन वेळा वाजते, आणि मग कोणीतरी नुसती नजर वर उचलताच सगळे क्षणाचीही उसंत न घेता पुढच्या चालीत शिरतात. कोलमन यांनी १९३४ मध्ये एका तबकडीत 'टार्बोल्टन', 'लाँगफर्ड कलेक्टर' आणि 'सेलर्स बॉनेट' हे तीन रील सलग वाजवले. आजही पहिला सुरू झाला की उरलेले दोन त्याच क्रमाने येतील, हे जाणकार गृहीतच धरतात. फर्माइशी करणे किंवा वादकांच्या तोंडासमोर मोबाइल धरणे येथे असभ्यपणाचे समजले जाते. आणि साथीशिवाय कोणी गाऊ लागले, तर पेला खाली ठेवून गप्प बसणे एवढेच श्रोत्याचे काम.

डब्लिनहून स्लायगोला जाणारी रेल्वे वाटेत बॅलिमोट येथे थांबते. तेथून गर्टीन काही मैलांवर आहे. साहित्यप्रेमींनाही हा थांबा वाया गेल्यासारखा वाटू नये, कारण इसवी सन १३९० च्या सुमारास सिद्ध झालेली 'बुक ऑफ बॅलिमोट' ही वंशावळी, पुराणकथा आणि ओघम लिपीवरील प्रकरण असलेली आयरिश पोथी याच गावाच्या नावाने ओळखली जाते, जरी ती आता डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत असली, तरी. स्लायगोचे तिकीट हाती असले तरी प्रवाशाने आधी येथेच उतरावे. ड्रमक्लिफ दुसऱ्या दिवशी पाहता येते.