सातबारा नसलेले घर

वाचकहो, सोयाबीनची सोंगणी उरकली असेल, गंजीवर ताडपत्री ओढून झाली असेल, तर घटकाभर बसा. आज एका सिनेमापासून सुरुवात करतो. पण गोष्ट सिनेमाची नाही, आपल्या मालेगावची आहे.

२००९ साली दीपा भाटिया यांनी एक माहितीपट काढला. नाव 'नीरोज गेस्ट्स', म्हणजे नीरोचे पाहुणे. त्यात नटनट्या नाहीत. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या ज्या घरांतला कर्ता माणूस जीव देऊन गेला त्या घरांत जातात, मागे राहिलेल्यांचे ऐकून घेतात आणि कॅमेरा ते टिपत राहतो. नाव पडले ते रोमच्या जुन्या हकिकतीवरून. नीरो बादशहाने बागेत उजेड हवा म्हणून माणसे जाळली, असे टॅसिटस नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. साईनाथांचे म्हणणे असे की नीरो कसा होता ते जगाला ठाऊकच आहे. विचार करायचा तो त्या उजेडात बसून जेवणाऱ्या पाहुण्यांचा.

आपण गावची माणसे हे पाहतो तेव्हा आपल्याला वाटते, पाहुणे म्हणजे मुंबई-दिल्लीचे लोक. आपण तर जळणाऱ्यांतले. ते खरेही आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात आपला वाशिम जिल्हा होता. म्हणजे दुखणे आपल्या दारातलेच होते.

पण मंडळी, एक आकडा सांगतो, तो नीट ऐका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर पोट असलेल्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांत शेत कसणारे ५,२०७ होते आणि शेतमजूर ६,०८३. मजूर जास्त! आपण बोलतो शेतकऱ्याबद्दल, मोर्चा निघतो शेतकऱ्याचा, फोटो छापून येतो शेतकऱ्याच्या घरचा. शेतकरी गेला तर त्याच्या घरच्यांना राज्य सरकारची एक लाखाची मदत मिळू शकते, पण त्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन लागते आणि अंगावर कर्जाची थकबाकी लागते. मजुराकडे सातबारा नाही, बँक त्याला दारात उभी करत नाही. त्याचे कर्ज किराणा दुकानात आणि मुकादमाच्या वहीत. कर्जमाफी आली तरी त्याच्या नावापुढे माफ करायला काही नसते.

म्हणून वाटते, कुणी कॅमेरा घेऊन मालेगावला आलाच तर त्याने तो कुठे लावावा? आपले गाव दोन रस्त्यांच्या तिठ्या-चौकातले, अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा एक आणि नागपूरकडून मेहकर-जालन्याकडे जाणारा दुसरा. १९९८ साली वाशिम जिल्हा वेगळा झाला, आता तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. त्यावरून गाड्या अशा सुटतात की कडेच्या वावरात कोण वाकले आहे ते कुणाला दिसू नये. कॅमेरा तिथे नको. तो गावाच्या कडेच्या एका टीनाच्या घरासमोर ठेवावा. नाव मी देत नाही. अशी घरे तुमच्याही गावात आहेत, तुम्ही मनाशी एक धरा. नवरा, बायको, म्हातारी सासू, तीन लेकरे. त्यांचे फक्त एक वर्ष पाहू.

मृगाचा पाऊस पडतो. पूर्वी तिफणीमागे माणसे लागत, आता ट्रॅक्टर दोन तासांत पेरून मोकळा. मग निंदण. हे बायांचे काम, जून-जुलैचा सगळा संसार त्यावर चाले. आता तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन एकटा गडी दिवसात दोन-चार एकर उरकतो. कापूस आणि ज्वारी होती तेव्हा दसऱ्यापासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत वेचणी चाले, ज्वारीच्या सोंगणीला धान्य मिळे, गोठ्यातल्या शेळीला कडबा मिळे. १९९० नंतर सोयाबीन वाढत गेले. शंभर-एक दिवसांचे पीक, सगळीकडे एकदमच वाळते आणि चार दिवस उशीर झाला की शेंग फुटून दाणा जमिनीवर. मग सगळ्या तालुक्याला मजूर एकाच पंधरवड्यात हवे. त्या पंधरवड्यात मजुराचा भाव चढतो, टोळी एकराप्रमाणे गुत्ता घेते, आणि पारावर बसून आपण म्हणतो, "मजूर फार माजले."

माजले म्हणताना त्या पंधरवड्याचे हात पाहावेत. वाळलेल्या शेंगेचे टोक सुईसारखे असते. बोटे सोलून निघतात, रात्री भाकर थापताना तव्याची धग लागली की बाई हात झटकते. त्या पैशांत मागची उधारी जाते, दिवाळीचे तेल येते, संपले. शिवाय आता हार्वेस्टर येऊ लागले, तोही पंधरवडा आटत चालला आहे.

आपलीही बाजू आहे, ती मी लपवीत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली गेला. ज्याच्या हातात काही उरत नाही तो मजुराला कुठून देणार? तणनाशक मारणारा काही दुष्ट नसतो. पण त्याची बचत म्हणजे टीनाच्या घरातला कमी झालेला दिवस, हा हिशेब आपल्या कुठल्याच वहीत मांडला जात नाही.

दिवाळीनंतर त्या घराला कुलूप लागते. कुणी वीटभट्टीवर, तिथे हजार विटांमागे मजुरी. कुणी उसाला. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायचे नाही. म्हातारी मागे राहते किंवा कुलपाची किल्ली शेजारी राहते. लेकरे बरोबर जातात आणि शाळेच्या पटावर नुसती नावे उरतात. गावातच लेकरांना ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना राज्यात आहे. आई-बाप स्थलांतर करणार असे दिसले की शाळा व्यवस्थापन समितीने वेळेवर मागणी करायची असते. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या समितीवर आहात. घराला कुलूप लागल्यावर मागणी करून काय उपयोग? दसऱ्याच्या आधीच मास्तरांना विचारा. आणि जाणाऱ्यांना सांगा की रेशनचे धान्य आता परगावच्या दुकानातही उचलता येते, कार्ड आणि आधार जवळ ठेवा. पुष्कळांना ते ठाऊक नसते.

हे सगळे मी तुम्हाला सांगतो आहे खरा, पण आमच्या घरची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या वावरात एक बाई निंदणाला येत. आईजवळ हजेरीची वही होती. बाईंजवळ वही नव्हती, त्या आपल्या घरच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढत, एक दिवस एक रेघ. एका आषाढात दुपारी पाणी आले. काम थांबले. बाकीच्या बाया घरी गेल्या, ह्या डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून राहिल्या, पाणी उघडले तर पुन्हा लागायचे म्हणून. पाणी काही उघडले नाही. बाजाराच्या दिवशी चुकारा करताना वडिलांनी तो दिवस अर्धा धरला.

बाई म्हणाल्या, "काम पाण्यानं थांबवलं, म्या नाही थांबवलं."

वडील म्हणाले, "सगळ्यांना अर्धाच दिला आहे." ते खोटे नव्हते. बाईंनी पैसे मोजले, पदराच्या गाठीत बांधले आणि गेल्या. भांडल्या नाहीत. चार दिवसांनी आईने मला त्यांच्या घरी निरोप घेऊन पाठवले, तेव्हा मी ती भिंत पाहिली. सगळ्या रेघा सारख्या, एक तेवढी ओल्या बोटाने खालून अर्धी पुसलेली.

पुढच्या वर्षी निंदणाला त्या दुसऱ्याच्या वावरात जाऊ लागल्या. आईने रस्त्यात विचारले, तर म्हणाल्या, "तिकडं जवळ पडते, बाई."

ते वावर नाल्यापलीकडे होते, आमच्याहून दुप्पट लांब.