रामानुजन यांची ‘नापास’ कथा
१/ ‘रामानुजन नापास होऊनही थोर झाले’ ही कथा आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. मला ती लबाड वाटते. तीत परीक्षा निर्दोष सुटते.

२/ १९०४ साली ते शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. गणितापलीकडे लक्ष नव्हते, म्हणून ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातून एफ. ए.ला बसले, तेथेही अनुत्तीर्ण. १९१२ मध्ये पोर्ट ट्रस्टची कारकुनी, दरमहा ३० रुपये. गणिताच्या वह्या मात्र भरतच होत्या.

३/ १९१३ मध्ये हार्डींना लिहिलेले पत्र सर्वांना ठाऊक असते. पण त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने या पदवीहीन कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि बदल्यात मागितले ते कामाचे त्रैमासिक अहवाल, हे कोण सांगतो?

४/ म्हणजे मार्ग काढता येत होता. विद्यापीठाने तो फार उशिरा काढला. हार्डींनीही पुढे त्यांच्या अकाली मृत्यूपेक्षा या भरकटलेल्या वर्षांनाच खरी शोकांतिका मानले.

५/ आता ‘प्रतिभा असली की वाट सापडतेच’ असे म्हणणारे खाली येतीलच. त्यांनी एवढेच सांगावे: ज्यांना हार्डी भेटला नाही, त्यांच्या वह्या कोणत्या रद्दीत गेल्या?