मूल कडेवर, फोटो इन्स्टावर

२०१९ मध्ये ब्रिटिश टीव्हीवरची स्टेसी डूली ‘कॉमिक रिलीफ’च्या कामासाठी युगांडाला गेली. तिथलं एक मूल कडेवर घेतलेला फोटो तिने इन्स्टाग्रामवर टाकला. जगाला आणखी गोरे तारणहार नकोत, असं खासदार डेव्हिड लॅमींनी सुनावलं आणि वाद पेटला. पुढच्याच वर्षी संस्थेने जाहीर केलं, यापुढे निधीच्या आवाहनासाठी सेलिब्रिटी आफ्रिकेत पाठवणार नाही.

प्रसिद्धीने पैसा येतो हो, मान्य. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, त्या पथकासाठीही सुभाषबाबूंनी जाहीर आवाहन करूनच निधी जमवला होता. पण आवाहन इथे आणि काम तिथे. कोटणीस चिनी भाषा शिकले, युद्धातल्या जखमींवर ऑपरेशनं करत राहिले. पाचातले चौघे डॉक्टर परतले, हे नाही. १९४२ मध्ये तिथेच गेले, वय फक्त ३२! व्ही. शांताराम यांचा सिनेमा आला १९४६ ला.

चार वर्षं राहिलेल्या डॉक्टरला पेशंट नावानिशी माहीत असतात. चार दिवस शूटिंगला गेलेल्याने कडेवरच्या मुलाचं नाव तरी विचारलेलं असतं का? आणि तिथे रोज राबणारी स्थानिक नर्स, ती फ्रेमबाहेरच का असते?