उन्हावर चालणारी सुट्टी

फ्रीलान्सरला पगारी रजा नसते. ब्रेक घेतला की चेक बंद, बस्स! तरीही गेल्या आठवड्यात दोन असाइनमेंट्सना चक्क 'नाही' म्हटलं आणि केरळात वैकमच्या जेट्टीवर जाऊन बसले. कारण 'आदित्य'. देशातली पहिली सोलर फेरी, २०१७ मध्ये सुरू झालेली, ७५ प्रवाशांची. वेंबनाड तलावावर ना डिझेलचा वास, ना धडधड; शेजारच्या काकूंची कुजबुजसुद्धा ऐकू येते (मल्याळममध्ये, पण येते!). 'प्लॅनेटसोलर' नावाच्या बोटीने तर २०१२ मध्ये निव्वळ उन्हावर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. मला आपलं गेटवे ते मांडवा मिळालं तरी चालेल. असली स्वप्नं बघत तीनदा इकडून तिकडे केलं. घरी येऊन बँक बॅलन्स पाहिला. 'नाही' म्हटलेल्यांपैकी एका एडिटरचा फोन अजून आलेला नाही.