कारावासाचे औषधत्व

तुरुंगात दारू नाही, गर्द नाही, गांजा नाही. सबब सहा महिन्यांची सक्तमजुरी व्यसनी मनुष्यास जशी मानवते तसा कोणताही दवाखाना मानवणार नाही, असे मत न्यायालयाच्या आवारापासून पेन्शनरांच्या कट्ट्यापर्यंत अनेक सभ्य गृहस्थ आजही निःशंकपणे मांडीत असतात. निषिद्ध वस्तू आत पोहोचविणे हा 1894 च्या तुरुंग कायद्याला स्वतंत्र गुन्हा ठरवावा लागला, यावरून त्या भिंती किती अभेद्य आहेत हे समजतेच. परंतु त्या अभेद्य आहेत असे क्षणभर गृहीत धरले, तरी हे मत वैद्यकाच्या कसोटीस उतरत नाही.

वर्षानुवर्षे रोज पिणारा एखादा हमाल किरकोळ चोरीच्या आरोपावरून कोठडीत पडला, म्हणजे अखेरच्या घोटानंतर काही तासांतच त्याचे हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येण्याचा संभव असतो, आणि दोन-तीन दिवसांच्या सुमारास ज्याला डॉक्टर ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात तो कंपयुक्त भ्रम जडून, नसलेले किडे-जनावरे त्याला भिंतीवर दिसू लागतात, अंगात ताप भरतो, आणि इलाज न झाल्यास तो दगावूही शकतो. आता आपली राज्यघटना सांगते की अटकेतील मनुष्यास 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. म्हणजे न्यायासनासमोर तो येतो तेव्हा फार तर थरथरत असतो. रोगाची खरी घटका भरते ती हजेरी आटोपल्यावर, रात्रपाळीच्या पहाऱ्यात, आणि तेथे तिचे निदान बहुधा ‘सोंग करतोय’ या दोन शब्दांत आटोपते. सक्तीच्या उपासाने रोग बरा होतो असे मानणाऱ्यांनी ही रात्र एकदा डोळ्यांपुढे आणावी.

अफू-गर्दाच्या बाबतीत संकट अधिक कपटी आहे, कारण ते सुटकेच्या दिवसापर्यंत दडून बसते. व्यसन थांबले असता शरीराची सोसण्याची शक्ती ओसरते, ओढ मात्र ओसरत नाही. मग फाटकाबाहेर पडलेला मनुष्य जुन्याच मात्रेने श्वास बंद पडून मरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या 30,000 हून अधिक कैद्यांचा मागोवा घेणारे संशोधन 2007 साली प्रसिद्ध झाले. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूची शक्यता इतर रहिवाशांच्या सुमारे तेरा पट आढळली. इतके फलदायी हे कारावासाचे औषध!

यावर प्रतिपक्ष म्हणतो की ही ओढ शमविण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी देणे म्हणजे एका नशेच्या जागी दुसरी बसविणे होय. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2005 सालीच हे औषध अत्यावश्यकांच्या यादीत घातले. आपल्या तिहारमध्येही 2008 साली हा उपचार सुरू झाला. आणि अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याने 2016 पासून आपल्या तुरुंगांत तो खुला केल्यावर, अतिमात्रेने मेलेल्या सुटलेल्या कैद्यांची संख्या वर्षभरात सुमारे साठ टक्क्यांनी घटली. मेलेला मनुष्य निर्व्यसनी असतो खरा, परंतु ते यश कोणी मिरवू नये.

‘प्रामाणिक गरिबाला खाट मिळत नाही, मग चोराला का?’ हा आक्षेप ऐकायला न्याय्य वाटतो. गरिबाला खाट मिळालीच पाहिजे. पण एका दवाखान्याने परतविले तर दुसऱ्याच्या दारात जाण्याइतके पाय त्याच्यापाशी असतात. कैद्याचे पाय सरकारने जप्त केलेले आहेत, आणि जप्त मालाची निगा जप्त करणाऱ्याकडेच असते. शिवाय आपल्या तुरुंगांतील चारांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अद्याप चोरही नव्हेत.

आमचे म्हणणे नवे नाही. पुष्कळसे कायद्याच्या पुस्तकात पडून आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे 39 वे कलम सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यसनी मनुष्यास, त्याच्या संमतीने, मुचलक्यावर उपचारासाठी सोडण्याची मुभा न्यायालयास देते. 64-अ हे कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास खटल्यापासूनच संरक्षण देते. त्या जुन्या तुरुंग कायद्याचे 24 वे कलम तर दाखल होणाऱ्या कैद्याची प्रकृती, अंगावरील जखमा आणि तो कोणत्या मेहनतीस लायक आहे हे नोंदवावयास लावते. त्याच वहीत ‘अखेरचे केव्हा प्याला, काय घेतले’ हा प्रश्न का असू नये? आणि ती वही तुरुंग खात्याच्या वैद्याकडे न राहता आरोग्य खात्याकडे जावी, जसे नॉर्वेने 1988 साली आणि फ्रान्सने 1994 साली केले, म्हणजे पहारा आणि शुश्रूषा एकाच धन्याची चाकरी करणार नाहीत. येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे, आणि 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही आहे. व्यसनीस रोगी समजून त्याचा पाठपुरावा वर्षानुवर्षे कसा करावा, हे शिकण्यासाठी महाराष्ट्राच्या अंमलदारांना परदेशी शिष्टमंडळ धाडण्याचे कारण नाही. सुटकेच्या वेळी कैद्याचे कपडे आणि जमा पैसे सही घेऊन परत केले जातात. त्या यादीत चालू औषधाची चिठ्ठी आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता घालण्यास एका परिपत्रकाहून अधिक काही लागू नये.