किनाऱ्यावरचा तुकडा आणि मोबाइलवरची खबर



२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. आठवीतली दोन मुले पहिल्या तासाला उशिरा आली. चपला वाळूने भरलेल्या, कपडे ओले. ओरडणार तेवढ्यात त्यांतला एक म्हणाला, "टीचर, दर्यावर विमानाचा तुकडा आलाय!"

मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी मोठ्या भावाच्या मोबाइलवर फोटो पाहिला. पांढरट-करडा, थोडा वळलेला, दरवाजाच्या निम्म्या आकाराचा पत्र्यासारखा तुकडा. एक कड तुटलेली. दुपारी तोच फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला, खाली ओळ होती : "अहमदाबादच्या विमानाचा तुकडा." अस्रच्या सुमारास दुसरी ओळ जोडली गेली : "विमान पाडलं गेलं, पुरावा सापडला." आणि रात्री भलत्याच ग्रुपवरून तो फोटो परत आमच्याकडे आला, तेव्हा त्याखाली एक प्रश्न होता : "सगळं यांच्याच किनाऱ्यावर कसं सापडतं?"

तो प्रश्न वाचून मला झोप लागली नाही. "यांच्या" म्हणजे कोणाच्या, हे आमच्या श्रीवर्धन तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली. ते काम मूठभरांचे होते, पण शंकेची नजर साऱ्या किनाऱ्यावर पडली आणि ती अजून पुरती हटलेली नाही. २०२२ च्या १८ ऑगस्टला हरिहरेश्वरला एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. टीव्हीवर दिवसभर काय चालले होते, ते आठवत असेल. घराघरांत आयांनी पोरांना बाहेर जाऊ दिले नव्हते. मग नौकेचे नाव आणि मालकी तपासली गेली. ती 'लेडी हान' नावाची, ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची नौका निघाली. मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये तिचे इंजिन बिघडले, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि रिकामी नौका प्रवाहाबरोबर वाहत आपल्याकडे आली. त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत हे सांगितले. तपासणाऱ्यांनी नौकेला आधी "तू कोणाची?" असे विचारले, म्हणून ते वादळ शमले.

आमच्या तुकड्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले. सागरी पोलिसांबरोबर आमच्या कोळीवाड्यातले एक बुजुर्ग गेले होते. त्यांनी तो उलटा केला, कडेला नखाने खरवडले आणि हसले. "बाबा, हे होडीच्या बर्फाच्या खणाचं झाकण. वर फायबर, आत फोम." ही बातमी मात्र कोणत्याच ग्रुपवर फिरली नाही.

त्या आठवड्यात मी विज्ञानाचे दोन तास याच विषयाला दिले : विमानाचा तुकडा ओळखतात कसा, आणि ओळखल्यावर तो काय सांगू शकतो?

पहिली पायरी ओळखीची. विमानाच्या बाह्यांगाचा बराच भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याला चुंबक चिकटत नाही, लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. रिव्हेट ओळीत, सारख्या अंतरावर आणि पृष्ठभागाशी सपाट बसवलेले असतात, कारण वर आलेले टोकही हवेला अडते. आतल्या बाजूला बहुधा हिरवट-पिवळा रंग असतो, तो धातूला खाऱ्या हवेपासून वाचवतो. नवी विमाने मोठ्या प्रमाणात कार्बन फायबरची असतात, त्यांची तुटलेली कड काळ्या दोऱ्यांच्या झुपक्यासारखी दिसते. पण खरी ओळख आकड्यांची. अनेक भागांवर क्रमांक असतो आणि कोणता भाग कोणत्या विमानाला बसवला, याची नोंद कारखान्यात राहते.

मलेशियाचे एमएच ३७० विमान ८ मार्च २०१४ ला २३९ माणसांसह नाहीसे झाले. अपहरणापासून गुप्त तळापर्यंत नाना दावे झाले. जुलै २०१५ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पंखाचा एक भाग लागला. त्याच्या आत सापडलेले क्रमांक स्पेनमधल्या कारखान्याच्या नोंदींशी जुळवले गेले आणि तो त्याच विमानाचा ठरला. विमान का भरकटले, हे त्या तुकड्याने सांगितले नाही. पण ते समुद्रात गेले, एवढे पक्के केले. ते कुठेतरी लपवून ठेवले आहे, म्हणणाऱ्यांना त्यानंतर उत्तर देणे अवघड झाले.

दुसरी पायरी जखमांची. बॉम्ब फुटला असेल तर जवळच्या पत्र्यावर बारीक खळगे पडतात, फाटलेल्या कडा पाकळ्यांसारख्या वळतात. हवेत आग लागली असेल तर काजळीच्या रेघा वाऱ्याच्या दिशेने मागे ओढलेल्या दिसतात. जमिनीवर पडल्यावर लागलेल्या आगीची काजळी तशी नसते. विमान उंचावर फुटले तर अवशेष मैलोन् मैल पसरतात, अखंड आदळले तर एका जागी सापडतात. दिव्याचा बल्बसुद्धा साक्ष देतो : आदळताना तो पेटलेला असेल तर आतली तापलेली तार ताणली जाते, विझलेला असेल तर तशी ताणली जात नाही.

इथपर्यंत मुलांना सांगताना मला मोठे मामू आठवत होते.

आमच्या घराण्यातून दुबईला गेलेले पहिले माणूस म्हणजे मोठे मामू. सत्तरच्या दशकात कोकणातल्या किती घरांनी एजंटाला दागिने गहाण ठेवून पैसे दिले आणि पोरगा खाडीत पाठवला, हे तुम्हाला ठाऊक आहे. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जम्बो विमान रात्री पावणेनऊच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईला निघाले. १०१ सेकंदांत वांद्र्यासमोर, किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, २१३ पैकी एकही वाचला नाही. मामूंचा जिगरी दोस्त त्यात होता. मामूंचे तिकीट पुढच्या महिन्याचे होते.

मामू मला लहानपणापासून सांगत आले : "बॉम्ब होता, बेटी. एवढं मोठं विमान असं पडतं का?" हे एकट्या मामूंचे मत नव्हते. तपास सुरू झाला तेव्हा घातपाताची शंका गंभीरपणे घेतली गेली होती.

समुद्र तिथे उथळ, जेमतेम दहा मीटर. अवशेषांचा काही भाग वर काढता आला. त्यांवर स्फोटाची खूण नव्हती, आगीची नव्हती. कॉकपिटमधल्या संभाषणाची नोंदही मिळाली. त्यातून पुढे आलेली हकीकत अशी : किनारा ओलांडल्यावर विमान उजवीकडे वळले. मग ते सरळ झाले, पण विमान किती कललेले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. बाहेर अमावास्येसारखा काळोख, खाली काळे पाणी, क्षितिज दिसत नव्हते. यंत्रावर भरवसा ठेवून कॅप्टनने विमान डावीकडे कलवले, आणखी कलवले. सहवैमानिकाला वाटले की त्याचेही यंत्र बिघडले. फ्लाइट इंजिनिअरचे लक्ष तिसऱ्या यंत्राकडे गेले, त्याने सावध करण्याचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ संपली होती. विमान शंभर अंशांहून अधिक डावीकडे उलटले आणि नाक खाली करून पाण्यात गेले.

चौकशीने बिघडलेले यंत्र आणि त्यामुळे कॅप्टनने दिलेले चुकीचे हेलकावे, असे कारण दिले. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत विमान आणि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. १ नोव्हेंबर १९८५ ला तिथले न्यायाधीश जेम्स फिट्झजेराल्ड यांनी कंपन्यांचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. म्हणजे पावणेआठ वर्षांनीही वाद पुरता मिटला नाही. दोष यंत्राचा किती आणि माणसाचा किती, यावर माणसे भांडत राहिली. पण बॉम्बचा दावा त्या वादात उरला नव्हता.

कुणी म्हणेल, सरकारी चौकशी आहे, लपवले असेल. त्यांनी १९८५ चे 'कनिष्क' आठवावे. तीच कंपनी, त्याच जातीचे जम्बो. २३ जून १९८५ ला आयर्लंडजवळ ३२९ माणसांसह समुद्रात गेले. तिथे पाणी सुमारे दोन किलोमीटर खोल होते, तरी अवशेष शोधले, काही वर काढले. न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीने पुढच्या सामानाच्या कप्प्यात बॉम्ब फुटला असा निष्कर्ष काढला. जिथे बॉम्ब होता तिथे होता म्हटले गेले, जिथे नव्हता तिथे नव्हता.

काही वर्षांपूर्वी ईदला मामूंकडे गेले, तेव्हा मी हे सारे त्यांना सांगितले. ते बराच वेळ तसबीह फिरवत बसले. मग म्हणाले, "बॉम्ब असता तर कुणावर तरी राग धरता आला असता. एका काट्याने दोनशे माणसं गेली, हे मनाला कसं पटवायचं?"

मामूंनी हे बोलून दाखवले, आपण बहुतेक जण बोलत नाही. जवळचे माणूस गेले की मन गुन्हेगार शोधते. अफवा तिथेच शिरते. ती आधी दु:खी माणसाला आधार देते, मग त्याच्या हातात कुणाचे तरी नाव ठेवते. ते नाव पुष्कळदा निर्दोषाचे असते.

आता अहमदाबादकडे येऊ. १२ जून २०२५ ला लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. पहिल्या दिवसापासून दावे सुरू झाले : पक्षी आदळले, वैमानिक पंखांच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, उघडायला विसरले, घातपात झाला. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला. विमानतळाच्या आसपास लक्षणीय पक्षी दिसले नव्हते, असे त्यात म्हटले आहे. जळालेल्या कॉकपिटमध्ये फ्लॅपचा दांडा पाच अंशांच्या खाचेत घट्ट बसलेला सापडला, म्हणजे उड्डाणासाठी जिथे हवा तिथेच. फ्लॅप विसरल्याचा दावा एका करपलेल्या दांड्यापाशी थांबला.

पण त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगितली. इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे मागे, म्हणजे कमी ताकदीकडे ओढलेले सापडले. नुसते ते पाहून कुणीही म्हटले असते, वैमानिकानेच ताकद कमी केली. नोंदयंत्राने मात्र सांगितले की आदळेपर्यंत ते पुढेच होते. म्हणजे तुकडाही एकट्याने साक्ष देऊ लागला तर फसवू शकतो. इंधनाचे स्विच उड्डाणानंतर लगेच बंद झाले, ही नोंदही यंत्रात आहे. ते कुणी आणि का केले, हे प्राथमिक अहवालाने सांगितलेले नाही. जिथे अहवाल थांबला तिथे आपणही थांबावे. एखाद्या मरहूम वैमानिकाच्या घरीही म्हातारे आईवडील असतात, ते आपले मोबाइल वाचत असतात.

खबर आली तर आधी तहकीक करा, नाहीतर नकळत लोकांचे नुकसान करून मागाहून पस्तावाल, ही सूरह हुजुरातची ताकीद आपण मुलांना मदरशात शिकवतो. आपल्या किनाऱ्यावर तिची गरज दुप्पट आहे, कारण अफवा कुठूनही निघाली तरी तिची झळ आपल्याच दारात येते.

म्हणून या महिन्याचे घरकाम. जेवायला बसताना हे तीन प्रश्न मुलांबरोबर बोला : हातात वस्तू आहे की फक्त फोटो? ती वस्तू कोणाची, हे कशावरून ठरले? आणि ती वस्तू जेवढे सांगते, त्याहून जास्त आपण बोलत तर नाही ना? किनाऱ्यावर अनोळखी काही दिसले तर हात लावू नका, उचलून घरी आणू नका, ग्रुपवर टाकू नका. जागा लक्षात ठेवा आणि ११२ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर कळवा.

आठवीच्या त्या दोघांनी वर्गाच्या भिंतीवर त्या झाकणाचे चित्र लावले आहे. खाली लिहिले आहे : "बर्फाच्या खणाचे झाकण. ओळखणारे : कोळीवाड्यातले दादा." शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. चित्र तसेच राहू दिले.